पदव्युत्तर अभ्यासाचे पहिले सत्र



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठावर बहुधा तीच मंडळी उभी राहत आली आहेत, ज्यांचा अभ्यास पुरा झालेला असतो. आमचा तर नुकता कोठे सुरू झाला आहे. इतिहास विषय घेऊन एम. ए.च्या वर्गात आम्ही बसलो, एक सत्र संपले, दुसरे चालू आहे. एवढ्या शिदोरीवर आपल्यासमोर बोलायचे म्हणजे धाडसच. परंतु मुक्कामाला पोहोचलेला माणूस वाटेवरचे खडे विसरतो, वाटेवर असलेल्याला ते आठवतात. तेवढाच आमचा अधिकार समजावा.

आपल्या नांदेड-लातूरकडे एम. ए. करणाऱ्या मुलाविषयी एक ठरलेला समज आहे. डॉक्टर झाला नाही, इंजिनिअर झाला नाही, स्पर्धा परीक्षेचा निकाल यायचा आहे, तोवर कोठेतरी नाव घालून ठेवले आहे, असा तो समज. हा समज सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या वर्गातले काहीजण अशाच रीतीने आले आहेत, आणि प्राध्यापकाच्या जागा किती निघतात व किती भरल्या जातात हे आपण सर्वजण जाणताच. म्हणून नोकरीच्या आशेवर या शिक्षणाचे समर्थन करण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. आम्हाला विचार करायचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. या सहा महिन्यांत माणसाच्या बुद्धीत काही फरक पडतो काय, आणि पडत असेल तर त्याचा गावाला काही उपयोग आहे काय?

आता व्यवस्था कशी आहे ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाले. दोन वर्षांची चार सत्रे, प्रत्येक सत्राचे बावीस श्रेयांक, आणि पहिल्याच सत्रात ‘संशोधनपद्धती’ हा एक विषय. नावावरून तो रुक्ष वाटतो, आणि पहिले काही आठवडे वाटलाही. पण त्याचे सार एका शब्दात येते : ‘कशावरून?’ तुम्ही म्हणता अमुक घडले. कशावरून? कोणी लिहिले, केव्हा लिहिले, त्याने स्वतः पाहिले होते की ऐकले होते, आणि तसे लिहिण्यात त्याचा काही मतलब होता काय?

हा प्रश्न आम्हाला जड गेला, आणि तो का गेला हे लातूरकरांपुढे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक महाराष्ट्रभर आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत सराव, पुन्हा चाचणी, पुन्हा सराव. त्या शिस्तीने खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची मुले वैद्यकीय महाविद्यालयांत पोहोचली, हे ऋण कोणी नाकारू नये. आम्हीही तीतूनच आलो. पण त्या शिस्तीत प्रश्न दुसऱ्याने काढायचा आणि उत्तर एकच असायचे. येथे प्रश्न आपण काढायचा आणि उत्तरे तीन निघाली तर तिन्ही तपासायची. धावपटूला एकाएकी पोहायला सांगावे तशी आमची अवस्था झाली. छातीत दम होता, पण पाण्यात पाय टेकेना. ज्या मुलाला बारावीला उत्तम गुण होते, तोच पहिल्या चर्चासत्रात गप्प बसला. आणि जिला कधी फारसे गुण नव्हते अशा एका मुलीने विचारलेल्या साध्या शंकेवर सबंध तास गेला.

मंडळी, हे शिक्षण आज आपल्या दाराशी आले आहे, म्हणून त्याची किंमत कमी वाटते. मागच्या पिढ्यांना ते केवढ्याला पडले हे पाहिले पाहिजे. निजामी राजवटीत विद्यापीठ एकच, १९१८ साली हैदराबादेस निघालेले उस्मानिया, आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९३८ साली तेथील वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंहराव त्या चळवळीतले विद्यार्थी. त्यांचेही पुढचे काही शिक्षण नागपुरास झाले. याच जिल्ह्यातील निलंग्याला १९१० साली जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींना पदवीसाठी बनारस आणि एम. ए.साठी अलाहाबाद गाठावे लागले. निलंगा कोठे आणि अलाहाबाद कोठे!

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले, १९६१ साली लातुरात दयानंद महाविद्यालय आले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिदिनाचाच मुहूर्त साधून, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे उपकेंद्र लातुरात आहे. अलाहाबादचे अंतर विष्णुपुरीपर्यंत आले. यात तीन पिढ्यांचे आयुष्य खर्ची पडले आहे.

आता पहिल्या सत्रात आम्हाला जे सापडले त्याकडे वळतो. आमच्यापैकी प्रत्येकाला आपल्या गावाच्या इतिहासावर लहानसा निबंध लिहायचा होता. विषय सोपा वाटला. आपलेच गाव, आपलीच माणसे. पण कागद पाहू लागलो तेव्हा १९४८ पूर्वीचा सरकारी कागद उर्दूत, त्याच्या मागचा फारसीत, आणि घराघरांतील जुने व्यवहार मोडीत. आजोबांच्या शेताचा कागद नातवाला वाचता येत नाही! आम्ही मराठी, इंग्रजी, हिंदी अशा तीन भाषा शिकलो, आणि आपल्याच घराची पेटी उघडायला त्या तिन्ही पुऱ्या पडल्या नाहीत.

ही केवळ विद्यार्थ्यांची अडचण नव्हे. २०२३ साली मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातले जुने दप्तर बाहेर निघाले, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची एकच शोधाशोध झाली. त्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो. एवढे मात्र सर्वांना दिसले की, ज्या विद्येला आपण निरुपयोगी म्हणत होतो, तिच्यावाचून सबंध राज्याचे अडले. पगडींचे मोठेपण आम्हाला तेव्हा नीट समजले. फारसी, उर्दू यांचा व्यासंग करून त्यांनी मोगल-मराठा काळाची साधने मराठीत आणली, आणि आदिलाबादकडे अधिकारी असताना गोंडांची भाषाही आपलीशी केली. ज्या प्रदेशात ते वाढले त्या प्रदेशाच्या सर्व भाषा त्यांना आपल्या वाटत होत्या.

दुसरी अडचण इंग्रजीची. मराठीतून पदवी घेतलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच आठवड्यात इंग्रजी ग्रंथांची यादी पडते. एका पानाला एक तास लागतो. त्यातून त्याला वाटू लागते की, आपल्याला बुद्धीच कमी आहे. वास्तविक कमी असतो तो सराव. उस्मानियाची योजना करणाऱ्यांनी विद्यापीठ उघडण्यापूर्वीच भाषांतराचे खाते उघडले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राज्यकर्त्यांविषयी आपले मत कडू असले तरी त्यांची ही दूरदृष्टी शिकण्याजोगी आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचे चीज एम. ए.च्या मुलाच्या टेबलावर चांगले मराठी ग्रंथ आल्यानेच होईल.

या सर्वांहून मोठी अडचण अशी की, दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात. कोणाचे सोयाबीन पावसात गेले, कोणाला खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे झेपले नाहीत, कोणाला दुकानात बसावे लागले. मुलींच्या बाबतीत बहुधा दिवाळीच्या सुटीत ‘पाहुणे’ येऊन जातात, आणि ‘पुढचे नंतर पाहू’ असे ठरते. ते ‘नंतर’ क्वचितच येते. ज्या मुलीच्या शंकेवर तास गेला होता, असे आम्ही आताच म्हणालो, तिची जागाही आज रिकामी आहे. तिने आपल्या गावच्या बारवेवर निबंध लिहायला घेतला होता. बारव तेथेच आहे. तिच्याविषयी विचारणारे माणूस राहिले नाही.

नांदेडचे नरहर कुरुंदकर हैदराबादेत इंटरच्या परीक्षेला अपयशी ठरले होते, तरी पुढे ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण असा दाखला देताना एक गोष्ट विसरू नये. कुरुंदकरांना ऐकणारे, त्यांच्याशी वाद घालणारे, त्यांना पुस्तके देणारे एक गाव त्यांच्याभोवती होते. विद्वान एकटा तयार होत नाही. गाव त्याला तयार करते.

म्हणून आपल्यासारख्या नागरिकांपाशी आमचे तीन मागणे आहे. पहिले, घरच्या माळ्यावर जुनी दप्तरे असतील तर ती रद्दीत घालू नका. एखाद्या विद्यार्थ्याला पाहू द्या. दुसरे, ज्यांचे शालेय शिक्षण उर्दूतून झाले असे वृद्ध आता नव्वदीच्या घरात आहेत, फार थोडे आहेत. ते आहेत तोवर आम्हाला त्यांच्यापाशी बसू द्या; कागद आम्ही आणू. आणि तिसरे, कोणाची मुलगी पहिले सत्र पुरे करून सुटीत घरी आली असेल, तर स्थळाची गोष्ट काढण्यापूर्वी तिला एवढेच विचारा, ‘बाई, तू कशाचा शोध घेते आहेस?’ ती सांगू लागेल. ते पुरते ऐकून घ्या, आणि मग काय तो निर्णय करा.