चौथी जागा



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कुणाला इथला प्रवेश पहिल्याच यादीत मिळाला, कुणाला शेवटच्या फेरीत, वर्ग सुरू झाल्यावर. कुणी एटीकेटीचे विषय सांभाळत पुढचं वर्ष काढलं. आज अंगावरचा झगा सगळ्यांचा सारखाच आहे. पण उशिरा आत आलेल्याच्या मनात एक शंका फार दिवस घर करून राहते: ही जागा खरंच माझी आहे का? मला आज त्या शंकेशी बोलायचं आहे. त्यासाठी तुम्हाला थोडं दूर, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर यावं लागेल.

१९७० साली तिथल्या दोन व्यावसायिक लीग एकत्र आल्या. संघ झाले २६. त्यांच्या दोन कॉन्फरन्स केल्या आणि प्रत्येकीत तीन गट पाडले. तीन गटांचे तीन विजेते. पण बाद फेरीची जोडी जुळायला चार संघ लागतात. म्हणून चौथी जागा ठेवली, गटात दुसऱ्या आलेल्यांपैकी सर्वांत चांगल्या संघासाठी. हेच वाइल्ड कार्ड. कुणावर दया म्हणून ही जागा काढलेली नव्हती. तिच्याशिवाय उरलेल्या तिघांचीही स्पर्धा उभी राहत नव्हती. आज प्रत्येक कॉन्फरन्समध्ये अशा तीन जागा आहेत.

या वाटेने येऊन सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणारा पहिला संघ म्हणजे १९८० च्या हंगामातला ओकलंड रेडर्स. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, जिम प्लंकेट. त्याचे आईवडील दोघेही दृष्टिहीन होते. विद्यापीठात असताना त्याने सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूची हायझमन ट्रॉफी मिळवली आणि १९७१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, त्याची निवड सर्वांत आधी झाली. म्हणजे पहिल्या यादीतलं पहिलं नाव! पुढे दुखापती झाल्या, पराभव झाले, दुसऱ्या संघाने घेतलं आणि सोडूनही दिलं. रेडर्सने त्याला राखीव म्हणून ठेवलं. १९७८ च्या हंगामात त्याने एकही पास टाकला नाही. १९७९ मध्ये टाकले पंधरा. दोन वर्षं आणि पंधरा पास, याचा जरा विचार करा. रोज सरावाला जायचं, डावपेचांची वही पाठ करायची आणि रविवारी बाकावर बसायचं.

१९८० च्या पाचव्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅकचा पाय मोडला. प्लंकेट आत आला आणि त्या दिवशी त्याचे पाच पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. सामना गेला. इथे गोष्ट संपवून टाकणं कुणालाही सोपं होतं. त्यानंतरच्या अकरा सामन्यांपैकी नऊ रेडर्सने जिंकले. सॅन डिएगो चार्जर्सइतकेच, अकरा विजय त्यांच्या नावावर झाले, पण बरोबरी सोडवण्याच्या नियमात ते मागे पडले आणि वाइल्ड कार्डवर आले. क्लीव्हलंडमध्ये शून्याखाली पंधरा-सोळा अंशांच्या गारठ्यात ते १४-१२ असे निसटते जिंकले. मग ज्या सॅन डिएगोने त्यांच्या गटाचा मान नेला होता, त्यांनाच त्यांच्या मैदानावर ३४-२७ ने हरवलं. जानेवारी १९८१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सवर २७-१० असा विजय मिळाला. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला प्लंकेट.

मला त्या सामन्याहून त्याची बाकावरची दोन वर्षं अधिक मोलाची वाटतात. तिथे टाळ्या नव्हत्या, गुणपत्रिकाही नव्हती.

दुसरा प्रसंग न्यूयॉर्क जायंट्सचा. २९ डिसेंबर २००७, साखळीतला शेवटचा सामना. समोर सलग पंधरा सामने जिंकलेले न्यू इंग्लंड पेट्रियट्स. जायंट्सचं वाइल्ड कार्ड आधीच पक्कं झालं होतं. जिंकून काही वाढणार नव्हतं. तरी प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांनी मुख्य खेळाडू उतरवले आणि संघ जीव तोडून खेळला. ३५-३८ ने हरला. पुढे टँपा बे, डॅलस, ग्रीन बे अशी परक्या मैदानांवरची तीन आव्हानं पार करून तोच संघ पाच आठवड्यांनी सुपर बोलमध्ये त्याच पेट्रियट्ससमोर उभा राहिला. शेवटच्या दोन मिनिटांत जायंट्सच्या डेव्हिड टायरीने चेंडू हाताने हेल्मेटवर दाबून धरला. साखळीच्या अख्ख्या हंगामात या माणसाने चारच पास झेलले होते. १७-१४. तोवर अजिंक्य असलेला संघ हरला.

१९७० पासून २०२० च्या हंगामापर्यंत अकरा वाइल्ड कार्ड संघ सुपर बोलपर्यंत पोचले. सात जिंकले, चार हरले. हरलेल्या चौघांत टेनेसी टायटन्स आहे. ३० जानेवारी २००० ला अटलांटात, सात गुणांनी मागे असताना, शेवटच्या खेळीत केव्हिन डायसनने पास झेलला आणि तो रेषेकडे झेपावला. सेंट लुई रॅम्सच्या माइक जोन्सने त्याचे पाय धरले. डायसनने पडता पडता चेंडूचा हात ताणला. रेषा एक यार्ड राहिली. तो ताणलेला हात आठवला की आजही माझा घसा दाटून येतो. विजेत्यांच्या यादीत टायटन्सचं नाव नाही. मी मात्र त्यांना अकरांत धरूनच मोजतो.

आता थोड्या वेळात तुमची नावं पुकारली जातील. कुलगुरूंना माझी मनापासून विनंती आहे, आज सुरुवात शेवटच्या रांगेपासून करावी.