चाक काय सांगतंय?

पावसाळा सरला.
सायवन, कासा, उधव्याच्या रस्त्यांवर
जीपगाड्यांची वर्दळ वाढली.

तुमच्या जीपच्या पुढच्या चाकातून
घूं-घूं आवाज येतो का?
वेगाबरोबर तो वाढतो का?
मग हबमधलं बेअरिंग तपासून घ्या.

ओहोळातून जाताना
झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरतं.
ग्रीस खराब होतं.
बेअरिंग गंजतं.

तपासणी सोपी आहे.
गाडी सपाट जागी लावा.
मागच्या चाकांना दगडाची उटी द्या.
जॅकने पुढचं चाक उचला.
खाली आधाराला घोडा लावा.
चाक वर-खाली धरून हलवा.
खडखडलं, तर मिस्त्रीला दाखवा.

फोर-व्हील जीपमध्ये
पुढच्या हबमधूनही एक्सल जातो.
म्हणून बेअरिंग बदलण्याचं काम जाणत्या हातांचं.

अनेक जुन्या जीपच्या हबमध्ये बेअरिंग दोन असतात.
एक आतलं, एक बाहेरचं.
नवं बेअरिंग जुन्या कपात बसवू नका.
बेअरिंग, कप, सील,
तिन्ही नवीन घ्या.

हबचा नट फार आवळला, तर बेअरिंग तापतं.
सैल राहिला, तर चाक डुगडुगतं.
आवळण्याचं माप गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असतं.

तेव्हा मंडळी, पुन्हा सांगतो.
बेअरिंग, कप, सील,
तिन्ही नवीन घ्या.
आणि चाकाचा आवाज
वेळीच ऐका.