सोडतीत लागलेलं घर

अहमदाबाद, १९८७. विडी वळून पोट भरणाऱ्या झोपडपट्टीतल्या बायकांसाठी घरांची सोडत निघाली. घरं पक्की, हप्ते परवडणारे, मालकीही मिळणार. फक्त जागा शहराच्या टोकाला, जुन्या वस्तीपासून सुमारे १२ किलोमीटरवर.

तब्बल १४ वर्षांनी शेरॉन बर्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या कुटुंबांची तुलना केली. चिठ्ठीच ती! कष्टाळू कोण, वशिल्याचा कोण, याला तिथे थारा नव्हता. म्हणूनच ही तुलना भरवशाची.

सोडत जिंकलेल्यांपैकी ३४ टक्के राहायला गेलेच नाहीत. आणखी ३२ टक्के जाऊन परतले.

जिंकलेल्यांची घरं सुधारली, पण कमाईत आणि मुलांच्या प्रगतीत फरक दिसला नाही. उलट नातलग, जातभाई दुरावले. दुखणंखुपणं आलं की उसने पैसे द्यायला, पोरं सांभाळायला धावून येणारी माणसं मागेच राहिली. घरबांधणीच्या हिशेबात हा खर्च सहसा कुणी धरत नाही.

हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वस्त जमिनीच्या शोधात गरिबांची घरं शहराबाहेर ढकलणाऱ्या नियोजनकारांनी तो वाचायलाच हवा.