प्लूटोच्या कक्षेतला पुरावा

१९७९ ते १९९९ अशी वीस वर्षं प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. नेपच्यूनची कक्षा जवळजवळ गोल. प्लूटोची लांबट, शिवाय १७ अंशांनी कललेली. मग दोघांची टक्कर कशी होत नाही? नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या वेळात प्लूटोच्या दोन होतात. त्यामुळे प्लूटो सूर्याजवळ येतो, तेव्हा नेपच्यून नेमका लांब असतो.

इतका चोख हिशेब निव्वळ योगायोगाने जुळणं कठीणच. हैदराबादेत वाढलेल्या शास्त्रज्ञ रेणू मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये त्याचा उलगडा मांडला. नेपच्यून आज दिसतो तिथे घडलाच नाही! ग्रह घडून उरलेला बर्फाळ राडारोडा तो भिरकावत राहिला. त्यातला बराचसा गुरूच्या तावडीत सापडला आणि गुरूने तो पार सूर्यमालेबाहेर फेकला. या देवघेवीत नेपच्यून हळूहळू बाहेर सरकला. वाटेतला प्लूटो त्याच्या लयीत अडकला, त्याच्यासोबत बाहेर ढकलला गेला आणि त्याची कक्षा लांबत गेली.

हे खरं असेल, तर असा अडकलेला प्लूटो एकटाच नसणार. आणि झालंही तसंच. त्याच तीनास दोन लयीत फिरणारे शेकडो पिंड पुढे सापडले. त्यांना प्लुटिनो म्हणतात.