खोल्यांचा हिशेब

मुंबईच्या वरळी भागात १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही कुटुंबे बी. डी. डी. चाळींतली. १६० चौरस फुटांच्या एका खोलीतून ती ५०० चौरस फुटांच्या, स्वतःच्या मालकीच्या घरांत गेली, आणि त्यासाठी त्यांना घराची किंमत द्यावी लागली नाही. ज्या जमिनीवर पणजोबांनी वळकटी टाकली त्याच जमिनीवर पणतू चाळीस मजली इमारतीच्या उद्वाहनाने वर जाऊ लागला. महानगराच्या ऐन मध्यावर असलेल्या कष्टकऱ्यांच्या जुन्या वस्तीला असा योग सहसा येत नाही. अशा वस्त्या बहुधा उठवल्या जातात. त्यांच्या जागी दुसरेच लोक राहावयास येतात.

हा आनंद किती रास्त आहे हे जुन्या चाळीची रचना पाहिल्यावाचून कळणार नाही. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडे. गिरगावातल्या चाळीला बाहेरच्या बाजूने उघडा सज्जा असतो. येथे तसा नाही. मधोमध एक लांबलचक बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दहा दहा दारे. दुपारीही त्या बोळात दिव्यावाचून नीट दिसत नसे. खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी, तिच्याजवळच चूल किंवा स्टोव्ह, उरलेल्या जागेत सात-आठ माणसांचे उठणे, बसणे, निजणे, आजारपण आणि अभ्यास. शौचकूप मजल्यावर सामाईक. पहाटे हातात बादली घेऊन रांगेत उभी राहणारी गरोदर स्त्री, रात्री अपरात्री वृद्धेला बोळाच्या टोकापर्यंत आधार देऊन नेणारी सून, यांच्या दृष्टीने घरातल्या घरात असलेले स्वच्छतागृह ही चैन नव्हे. ती मुक्तताच होय. चाळीतल्या जिव्हाळ्याचे गोडवे गाणाऱ्या साहित्यात या रांगेचा उल्लेख विनोदापुरता येतो. रांगेतल्या बायकांनी ते साहित्य लिहिलेले नाही, हे त्याचे एक कारण असावे.

तथापि नव्या घराचे मोल ठरवावयाचे तर या शहराने गेल्या सव्वाशे वर्षांत गरिबांच्या घरांचा हिशेब कसकसा मांडला, इकडे एकदा वळून पाहिले पाहिजे.

सन १८९६ मध्ये बंदराला लागून असलेल्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताची म्हणजे प्लेगची साथ उद्भवली. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी तो रोग प्रथम ओळखला. लोक शहर सोडून पळू लागले आणि व्यापार थंडावला. दाट वस्ती, अंधार आणि कोंदट हवा यांतूनच रोग पोसतो अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची ठाम समजूत होती. म्हणून १८९८ मध्ये कायदा करून शहर सुधारणेसाठी एक विश्वस्त मंडळ स्थापन करण्यात आले. लोक त्याला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणत. या ट्रस्टने मोठी कामे केली यात शंका नाही. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून आरपार काढले, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागेत नवी वसाहत आखली. काही चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहत होते.

पण रस्ता ज्याच्या घरावरून गेला त्याचे काय झाले? गोदीतला हमाल माटुंग्याच्या हवेशीर भूखंडावर घर बांधावयास जाणार नव्हता. त्याचे काम मांडवीला, उधारीचा वाणी मांडवीला, जातभाई मांडवीला. तो उठला आणि शेजारच्या गल्लीत शिरला. तेथे आधीच सहा माणसे असलेल्या खोलीत आठ झाली. म्हणजे एका गल्लीत ऊन आले ते दुसऱ्या गल्लीतली गर्दी वाढवून. ट्रस्टने हवा मोजली, उजेड मोजला, रस्त्याची रुंदी मोजली. माणूस आपल्या कामापासून किती दूर राहू शकतो, हे मात्र त्या मापांत नव्हते. १९३३ मध्ये हे मंडळ महापालिकेत विलीन झाले.

दुसरा हिशेब खोल्यांच्या संख्येचा. पहिल्या महायुद्धानंतर गिरण्या जोरात होत्या आणि कामगारांना निवारा नव्हता. तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये एक स्वतंत्र विकास खाते उभारले. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजेच ‘बी. डी. डी.’. मुंबईत येणाऱ्या कापसावर गासडीमागे एक रुपया जकात बसवून पैसा उभा करावयाचा आणि ५०,००० खोल्या बांधावयाच्या, असा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी झाल्या. खोल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. (ना. म. जोशी मार्ग तेव्हा डिलाईल रोड होता. पुढे त्याला ज्यांचे नाव मिळाले त्या नारायण मल्हार जोश्यांनी या कामगार वस्तीत आयुष्य वेचले, हा योग मात्र उचित म्हटला पाहिजे.)

आणि मग जे घडले ते आजच्या नियोजनकारांनी भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. ज्या शहरात माणसे जिन्याखाली आणि पदपथावर निजत होती, त्याच शहरात वरळीच्या या भक्कम, काँक्रीटच्या खोल्या वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिकाम्या पडून राहिल्या. गिरणगावच्या गजबजाटापासून वरळी तेव्हा बाजूला होती. आसपास बाजार नव्हता. पहाटेच्या पाळीला भोंगा होताच गिरणीच्या दारात हजर राहावयाचे, तर एवढी पायपीट कोण करणार? त्यात भाडे असे की कामगाराच्या हातात पडणाऱ्या पगाराला ते झेपेना. कामगार आपल्या जुन्या अंधाऱ्या खोलीतच राहिला. त्याला चांगले घर कळत नाही, असा आरोप तेव्हा सुशिक्षितांनी केला असेल. वस्तुतः त्याला आपला महिन्याचा खर्च अचूक कळत होता. रिकाम्या चाळींना भाडेकरू मिळाले ते वेगळेच. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रहींना ठेवण्यासाठी वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला.

नवल असे की याच सुमारास, याच शहरात, या चुकीवर बोट ठेवू शकणारा माणूस अध्यापन करीत होता. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश विद्वान १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक झाले. पुढे डॉ. घुर्ये यांनी ज्या विभागाची धुरा वाहिली तो हाच. हिंदुस्थानातल्या अनेक गावांच्या आणि शहरांच्या सुधारणेचे अहवाल गेडिसांनी तयार केले होते. इंदूरचा १९१८ चा अहवाल त्यांत विशेष नावाजला गेला. जुन्या वस्तीवर शस्त्रक्रिया करावयाची तर ती रोग्याला जगवणारी असावी, असे त्यांचे सूत्र होते. सरळ रेषेत रस्ता काढून शंभर घरे पाडण्यापेक्षा एखादे पडीक घर काढावे, तेथे मोकळी जागा करावी, विहीर साफ करावी, झाड राखावे. आणि हे सारे वस्तीत पायी हिंडून, रहिवाशांशी बोलून ठरवावे. हा मार्ग स्वस्त होता आणि माणसांना हलवीत नव्हता. सरकारी कचेऱ्यांना तो मानवला नाही. शंभर लहान निर्णय घेण्यापेक्षा एक मोठा निर्णय घेणे कचेरीला नेहमीच सोपे जाते.

पुढे भाडी उतरली, वरळीभोवती वस्ती वाढली आणि चाळी भरल्या. कोकणातून, घाटावरून माणसे आली. गिरणगावात एकेका गावाची अशी खोली असे. त्या गावचा नवखा तरुण बोरीबंदरला किंवा भाऊच्या धक्क्याला उतरला की त्याची ट्रंक त्या खोलीत ठेवली जाई. पाळ्यांप्रमाणे माणसे आळीपाळीने झोपत. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायका आपापल्या खोलीत चालवीत. कामगाराचा पगार महिन्याने होई, वाण्याचे बिल मात्र थांबत नसे, म्हणून या बायका सावकारी व्याजात रुतलेल्या असत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या कर्जाला तारण काय होते? शेजार. ओळखीच्या बायकांचा गट एकमेकींना जामीन राहत असे. बोळात समोरासमोर उघडणाऱ्या दारांतून अशी पत निर्माण होत होती, आणि ती चौरस फुटांत मोजता येत नाही.

या शेजाराचे चित्र केवळ गोड रंगांनी रंगवू नये. चाळींचीही वाटणी होती. बौद्ध कुटुंबांच्या चाळी वेगळ्या, इतरांच्या वेगळ्या. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच चाळींत दलित आणि सवर्ण यांच्यात दंगल पेटली आणि दारे एकमेकांवर बंद झाली. जांबोरी मैदानावरच्या सभा, उत्सव आणि खेळ यांनी जे जोडले तेही खरे, आणि हेही खरे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपातून गिरणधंदा पूर्वपदावर आलाच नाही. भोंगे थांबले. गिरण्यांच्या आवारांत कार्यालये, उपाहारगृहे, झगमगती बाजारसंकुले उभी राहिली. जेथे पूर्वी कोणी राहावयास जाईना त्या वरळीची जमीन देशातल्या अत्यंत महाग जमिनींत गणली जाऊ लागली. आजच्या पुनर्विकासाचे अर्थशास्त्र यातच आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथल्या १९५ चाळींतल्या सुमारे साडेपंधरा हजार भाडेकरूंना मोफत घरे द्यावयाची, आणि मोकळ्या होणाऱ्या जागेवर विक्रीच्या इमारती बांधून त्यांतून खर्च भागवावयाचा. म्हाडाकडे हे काम सोपवण्यात आले आणि २०१७ मध्ये भूमिपूजन झाले.

एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीच्या तुर्कमान दरवाज्याजवळची जुनी घरे पाडून तेथल्या माणसांना यमुनेपलीकडच्या दूरच्या वसाहतींत नेऊन टाकले गेले. त्या घटनेशेजारी मुंबईची ही योजना ठेवली म्हणजे तिचा मोठेपणा ध्यानात येतो. राहता माणूस राहत्या जागीच ठेवावयाचा, हे तत्त्व तिने मान्य केले. तरीही अनेक रहिवाशांनी खोली रिकामी करण्यापूर्वी कराराचा कागद हाती मागितला, तेव्हा त्यांना हटवादी म्हटले गेले. ज्या शहरात संक्रमण शिबिरात ‘थोड्या दिवसांसाठी’ गेलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या तेथेच वाढल्या, त्या शहरात कागद मागणे हा व्यवहारच झाला.

आता हिशेब चौरस फुटांचा आहे, आणि तो १६० वरून ५०० वर गेला हे मोठेच यश आहे. परंतु घर मोफत मिळाले तरी घरात राहणे मोफत नसते. जुन्या चाळीचे छप्पर गळले तर अर्ज सरकारकडे जाई, कारण मालक सरकार होते. नव्या इमारतीत मालक रहिवासीच. चाळीस मजल्यांची उद्वाहने, पाणी वर चढवणारे पंप, अग्निशमनाची यंत्रणा, पहारेकरी, झाडू, विमा, कर, या सर्वांचा खर्च दर महिन्याला यावयाचा. पहिली काही वर्षे हा भार दुसरा कोणी उचलील. नंतर तो रहिवाशांच्या गृहसंस्थेवर येईल. उद्वाहन बंद पडले तर तिसाव्या मजल्यावरच्या आजीबाईंना दवाखाना गाठता येणार नाही, म्हणून हा खर्च टाळताही येत नाही. गिरणीतला कायम पगार आज या घरांत नाही. कोणी गाडी चालवतो, कोणी पहारा करतो, कोणी घरपोच माल पोहोचवतो, बायका डबे करून देतात किंवा घरकामाला जातात. या मिळकतीत जो हप्ता बसणार नाही, तो घर भाड्याने देऊन किंवा विकून दूर उपनगरात निघून जाईल. त्याला कोणीही उठवले असे म्हणता येणार नाही, आणि तरीही तो उठलेला असेल. १९२० च्या दशकात ज्या आकड्याने खोल्या रिकाम्या ठेवल्या, तोच आकडा या घरांतली मूळ माणसे बदलून टाकू शकतो.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. विक्रीच्या इमारतींतून येणाऱ्या उत्पन्नाचा पुरेसा भाग स्थायी निधी म्हणून गृहसंस्थेच्या नावे राहिला आणि त्याच्या व्याजातून देखभाल भागली, तर हप्ता आवाक्यात राहील. तळाच्या मजल्यावर डबे करणाऱ्या बायकांसाठी सामाईक स्वयंपाकघर ठेवणे फारसे खर्चाचे नाही. मजल्यावरची ओवरी दोन माणसे बसून बोलतील एवढी रुंद ठेवणे हे तर केवळ आराखडा काढणाऱ्याच्या मर्जीचे काम आहे. गृहसंस्थेचे जमाखर्च कसे वाचावेत, उद्वाहनाच्या दुरुस्तीचा करार कसा करावा, हे शिकवणारी माणसे पहिल्या दोन-चार वर्षांत हाताशी हवीत. जेथे समिती निवडली जाते पण वही कोणी उघडून पाहत नाही, तेथे पंप पहिल्यांदा बंद पडतो आणि मग शेजार.

वरळीत पहिल्या इमारती भरू लागल्या, तेव्हा आसपासच्या कित्येक चाळी अजून उभ्याच होत्या आणि त्यांतले लोक आपल्या पाळीची वाट पाहत होते. शिवडीच्या १२ चाळींची जमीन मुंबई बंदराची, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यातली, म्हणून त्या या योजनेत आल्याच नाहीत. तेथल्या सुमारे ९६० खोल्यांपुढचा बोळ तसाच अंधारा राहिला, आणि पहाटेची रांगही.