जमीन माझी, हरीण माझं नाही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिला आहे. पण कालपासून भेटेल तो एकच विचारतोय, “काय रे, तू अमेरिकेत जंगल विकत घेतलंस आणि तिथे हरणांची शिकार करायला देतोस म्हणे?” म्हणून तेवढ्याचंच उत्तर देतो.

आधी जंगलाचं. आपल्याकडे जंगल म्हटलं की वनखातं आठवतं. महाराष्ट्रात कोरडवाहू शेतजमिनीलाही ५४ एकरांची कमाल मर्यादा आहे. मी राहतो त्या जॉर्जिया राज्यात मात्र बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. शेतकरी, निवृत्त डॉक्टर, पेन्शन फंड असे सगळेच वनजमिनीत पैसे गुंतवतात. २०११ साली आम्ही दोघा नवरा-बायकोंनी राज्याच्या नैर्ऋत्य भागात ४१० एकर घेतले. बराचसा भाग लॉबलॉली पाइनचा, आणि ओढ्याच्या काठाने जुने ओक.

यातला हिशेब साधा, पण फार सावकाश चालणारा आहे. लागवडीनंतर साधारण पंधराव्या वर्षी पहिली विरळणी करतात. ते बारीक लाकूड कागदाच्या लगद्याला जातं आणि त्याला भाव अगदी कमी मिळतो. राहिलेली झाडं जाड होत जातात आणि २५ ते ३५ वर्षांनी फळ्या पाडण्याजोगी होतात. तेव्हा त्याच झाडाच्या टनाला कितीतरी पट भाव येतो. बाजार पडला तर तोडणी पुढे ढकलता येते, कारण झाड उभं असलं तरी वाढतच असतं. शेअर बाजारात ही सोय नाही. पण नव्वदच्या दशकात सागाच्या झाडांत पैसे गुंतवण्याच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत आणि त्यांचं पुढे काय झालं तेही. तेव्हा सांगतो, झटपट पैसा यात नाही.

दोन तोडण्यांच्या मधली वर्षं कशी काढायची, हा खरा प्रश्न. कर, रस्ते, आग अडवायचे पट्टे, यांचा खर्च दरवर्षी येतो. जमीन दहा वर्षं वन म्हणूनच ठेवण्याचा करार केला की राज्यात मालमत्ता कर बराच कमी होतो. उरलेला खर्च हरणं भागवतात. गावातल्या बारा-चौदा जणांचा एक शिकार क्लब आहे. तो एकरी वार्षिक भाडं देतो, विमा काढतो, फाटकं आणि मचाणं सांभाळतो.

आता हरणाचं. पांढऱ्या शेपटीचं हे हरीण १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे जॉर्जियातून जवळजवळ संपलं होतं. मग शिकारीवर कडक नियम आले, दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली, आणि आज राज्यात ती दहा लाखांहून अधिक आहेत. लांडगे मात्र परत आले नाहीत. मादीला वर्षाला बहुधा दोन पिल्लं होतात. त्यांना आवर घातला नाही तर ती ओकचं रोपटं वर येऊ देत नाहीत, शेतं खातात आणि रस्त्यावर गाड्यांखाली येतात. म्हणून एका शिकाऱ्याला एका हंगामात बारा हरणांची परवानगी असते, त्यांत शिंगवाले नर फक्त दोन. रानातल्या हरणाचं मांस विकायला मात्र सक्त मनाई आहे. घरी खा किंवा दान करा.

आणखी एक गोष्ट तिथे गेल्यावर कळली. जमीन माझी, झाडं माझी, पण हरीण माझं नाही. ते राज्यातल्या जनतेचं आहे. कोणी, कधी, किती मारायची हे राज्य ठरवतं. माझ्या हातात असतं ते फक्त रान नीट ठेवणं. दाट पाइनखाली ऊन पोचत नाही, तिथे हरणाला खायला काहीच नसतं. विरळणी केली, दोन-तीन वर्षांनी एकदा थंडीत परवानगी घेऊन, वारा बघून नियंत्रित आग लावली, की गवत आणि कोवळा पाला उगवतो. आपण वणव्याला घाबरतो, पण या रानाला अशी बारीक आग मानवते. पाइन तगतो, आणि लाव्हे, रानटर्की, हरणं सगळी येतात. म्हणजे लाकडासाठी जे करायचं तेच हरणांनाही उपयोगी पडतं.

माझी आई हे सगळं ऐकून म्हणाली होती, “ते खरं असेल, पण तू मारू नकोस.” मी मारत नाही. आमच्या घरात मांस शिजत नाही. पण मी मारत नाही म्हणून मी वेगळा, असंही मी मानत नाही. भाडं मीच घेतो. या वर्षी किती माद्या कमी करायच्या, ते क्लबबरोबर बसून, कॅमेऱ्यातले फोटो बघून मीच ठरवतो. आईला हे पटलं नाही. मला पटलेलं आहे, पण हंगामातली पहिली गोळी ऐकली की आजही पोटात कसंतरी होतं. हे दोन्ही खरं आहे.

१० ऑक्टोबर २०१८ ला मायकल चक्रीवादळ आमच्या भागावरून गेलं. एका रात्रीत सुमारे १५० एकरांतली झाडं काड्यांसारखी मोडून पडली. उभ्या झाडांचा विमा तिथे सहसा कोणी काढत नाही, आमचाही नव्हता. सगळ्यांचंच लाकूड एकदम जमिनीवर आल्याने ते उचलायला माणूस मिळेना, मिळाला तर भाव मिळेना. तिसऱ्या दिवशी क्लबची माणसं आपापल्या करवती घेऊन आली आणि रस्ता मोकळा करायला लागली. त्यांतल्या दोघांच्या घरांची छपरं उडालेली होती. पुढच्या वर्षीचं भाडंही त्यांनी वेळेवर दिलं. त्या वर्षीचा कर त्यातूनच भरला.

तुमच्यापैकी काहींची मुलं तिकडे आहेत, म्हणून तीन गोष्टी सांगतो. जवळपास लाकूड घेणारी गिरणी आहे का, ते आधी बघा. गिरणी बंद पडली की उभं लाकूड असूनही गिऱ्हाईक नसतं. विक्रेत्याच्या आकड्यांवर न जाता स्वतंत्र वनतज्ज्ञाकडून झाडं मोजून घ्या. आणि वीस वर्षं लागणार नाहीत, एवढेच पैसे यात घाला.

मोडलेल्या १५० एकरांवर आम्ही २०२० मध्ये पुन्हा पाइन लावला. तो तोडायला येईल तेव्हा साल २०५० च्या आसपास असेल आणि आपण सगळे पंचाऐंशीचे. ती तोडणी बहुधा माझी मुलगी करील. हरणं ठेवायची की नाहीत, हेही तिलाच ठरवायचं आहे. तिला मी दोन्ही बाजू सांगून ठेवल्या आहेत, आजीचीसुद्धा.