बराकीतले संसार

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझे लग्न झाले आणि वसतिगृहातली खोली सोडावी लागली. विवाहितांची सोय तिथे नव्हती. जागा शोधण्यात वर्ष गेले, परीक्षाही राहिली. म्हणूनच ‘व्हेटव्हिल’ची हकिगत मला जवळची वाटते.

अमेरिकेत इंडियाना राज्यात नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ आहे. स्थापना १८४२ची. अविवाहित मुलांनी वसतिगृहात, धर्मगुरूंच्या देखरेखीखाली राहावे, अशी तिथली जुनी रीत. दुसरे महायुद्ध संपले. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च १९४४च्या कायद्याने सरकारने उचलला होता. ते शिकायला आले. कुणाबरोबर बायको, कुणाच्या कडेवर मूल. यांना ठेवायचे कुठे?

विद्यापीठाने त्यांना परत पाठवले नाही. युद्धकैद्यांच्या छावणीतल्या ३९ बराकी आणून १९४६मध्ये उभ्या केल्या. एकेका बराकीत तीन, अशी ११७ बिऱ्हाडे तिथे नांदू लागली. या कुटुंबांचे धर्मगुरू होते थिओडोर हेसबर्ग, जेमतेम तिशीचे. पुढे १९५२पासून ३५ वर्षे ते विद्यापीठाचे अध्यक्ष होते.

विवाहितांसाठी १९६२मध्ये पक्क्या सदनिका झाल्या; त्या २०१८मध्ये बंद झाल्या. बराकी तर केव्हाच गेल्या. त्या जागी १९६३मध्ये ग्रंथालय उघडले. आज त्याला हेसबर्ग यांचेच नाव आहे.

तिथे अभ्यास करणाऱ्या मुलांना त्या बिऱ्हाडांची आठवण कुणी सांगत असेल का? सांगावी, असे मला वाटते. डोक्यावर छप्पर मिळाले, म्हणून त्या संसारी माणसांचे शिक्षण झाले.